चैत्रात भरून आलेला हात

मी कासारीण. छबुबाई माझं नाव, पण अकरा गावांत मला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळ्यांची मी मावशी. गेली अठ्ठावीस वर्षं केजच्या आसपास बांगड्या भरते आहे. आधी सासऱ्यांच्या मागून डोक्यावर पेटी घेऊन पायी, मग एसटीनं, आता वडापच्या जीपनं. मॅट्रिकला गणितात तीन मार्कांनी गेले, त्याचा राग अजून आहे. पण बांगडीच्या मापात माझी चूक होत नाही. बाईनं हात पुढं केला की पंजा दाबायच्या आधीच मला नंबर कळतो. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. सरकारी दवाखान्यातल्या वजनाच्या काट्यावर बाया मुलाला कडेवर घेऊनही चढतात आणि नर्सही तसंच लिहून घेते. माझ्याकडे असला कारभार चालत नाही.

आमच्या भागातल्या बायांचे हात वर्षातून दोनदा बदलतात. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला निघतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून ट्रकवर चढवते. पहाटे भाकरी थापायच्या, ठेच्याबरोबर दोन खायच्या, दोन बांधून घ्यायच्या आणि अंधार पडेपर्यंत वाकायचं. चैत्रात या बाया परत येतात तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मग चार महिने घरचं खाणं, शेतातली हलकी कामं, आणि नागपंचमीपर्यंत हात पुन्हा भरतो. चैत्रात एक नंबर खाली, श्रावणात एक नंबर वर. मला याचं कधी नवल वाटलं नाही. सीझनचा हात असं आम्ही त्याला म्हणतो आणि पुढच्या बाईला बोलावतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. तसंच एखादीचं माप उतरलं तर ते तोंडानं बोलायचं नाही. माळेतून गुपचूप एक नंबर लहान काढायची, भरायची, हळदीकुंकू लावायचं. सवाष्णीचा हात उतरला हे कासाराच्या तोंडून येणं फार अशुभ. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं आणि मी ते अठ्ठावीस वर्षं पाळलं. आता त्या रितीला चुलीत घालावंसं वाटतं. का ते सांगते.

दिपालीच्या लग्नाचा चुडा मीच भरला होता. ती उमापूरकडची. केजपासून सात कोसांवरच्या गावात, जानकीबाईंच्या आदिनाथला दिली होती. सोळा-सतरा वर्षांची गुटगुटीत पोर, हाताला खळ्या पडायच्या. दोन-आठ चढवताना मी घाम गाळला. बाकीच्या नवऱ्या अशा वेळी डोळे पुसतात. ही मला म्हणाली, "मावशी, नंबर मोठाच ठिव. मला अजून लई जाड व्हायचंय." सगळा मांडव हसला. पंगतीत तिनं नवरदेवाच्या ताटातली पुरणपोळी उचलून खाल्ली, हे गावात अजून सांगतात. जेवायची तिला मनापासून आवड. भाकरी खायची तर आधी वास घ्यायची, मग फुंकर मारायची, मग पापुद्रा वेगळा करून त्यात तेल-चटणी. तिच्याकडे बघून आपल्याला भूक लागावी.

आदिनाथही वाईट माणूस नाही. दारू नाही, हात उचलणं नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी संस्कृती झाली. पुढं मूल राहिलं नाही. दिपालीचं सगळं लक्ष त्या पोरीवर. पोरगी सहा महिन्यांची असताना तिला उसाच्या पाचटावर झोपवून हिनं मोळ्या वाहिल्या होत्या, आणि एकदा पाचट पेटता पेटता राहिलं. त्या दिवशी हिनं ठरवलं की पोरीच्या पायाला फडाची माती पुन्हा लागणार नाही. पोरीला आजीजवळ ठेवायचं, शाळेत घालायचं, आणि स्वतः दरवर्षी जायचं. हे ती मला भेटेल तेव्हा सांगायची. देवाला सांगावं तसं सांगायची, म्हणजे न चुकता.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात ती सीझनवरून आली आणि मी तिचा हात हातात घेतला. दोन-सहा घालायला गेले तर ती आरपार गेली. दोन-चार काढली. म्हणजे एक नव्हे, दोन नंबर. आणि हात गरम होता, तापल्यासारखा, शिवाय बोटं थरथरत होती. बारा बांगड्यांत तीन वाढल्या माझ्याकडून. माझ्याकडून असं कधी होत नाही.

"ताप हाय का गं?" मी विचारलं.

"ताप कशाचा? मी तर लई जोरात हाय, मावशी. आवंदा टोळीत माझ्याबरोबर कुणीच टिकलं न्हाई."

ते खरंच होतं. तिच्या टोळीचा मुकादम राधाकिशन चार लोकांत सांगत फिरत होता की आदिनाथची बायको म्हणजे मशीन आहे, सकाळी चालू केलं की संध्याकाळशिवाय बंद पडत नाही. तिला बसवतच नव्हतं. रात्री सगळे आडवे झाले की ही कोपीपुढं, म्हणजे पाचटाच्या खोपटापुढं, झाडत बसायची. ऐन थंडीत अंगावर पांघरूण नको म्हणायची. आणि खायची किती, तर एका बैठकीला सहा-सहा भाकरी, दिवसाच्या दहाच्या वर.

जानकीबाई उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "छबुबाई, तुमीच बघा. इवलीशी झालीय आन् बैलावानी खायलीय. खाल्लेलं जातं कुठं म्हन्ते मी?"

दिपालीनं मान खाली घातली. जेवणावरून मान खाली घालताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. जानकीबाईंचा प्रश्न बरोबर होता, विचारायची रीत चुकीची होती. आणि मी काय केलं? मी हसले आणि म्हणाले, "सीझनचा हात हाय. श्रावणात भरतोय." पुढच्या घराला गेले.

श्रावणात हात भरला नाही. नागपंचमीला मी गेले तर तिला दोन-चारही सैल झालेली, तिनं बांगड्यांना दोरा गुंडाळून त्या मनगटावर अडकवून ठेवलेल्या. जानकीबाईंनी भाकरीचं टोपलं आता स्वतःच्या खोलीत नेलं होतं. दिपाली मला एका बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, पोत गच्च बसायलीय. दोन बोटं दोरा वाढवून दे." मी तिचा पदर बाजूला केला. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुगवटा आला होता आणि डोळे असे वटारल्यासारखे, पापणी पुरती मिटेना.

हात बारीक होतोय आणि गळा जाड होतोय. एवढ्या वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. मी पोतीचा दोरा वाढवून दिला, पेटी तिथंच ठेवली आणि जानकीबाईंना म्हणाले, "हिला उद्या केजला नेते. माझ्यासोबत बाजाराला." मोठ्या आवाजात म्हणाले, म्हणजे नाही म्हणायची सोय राहू नये.

केजला एक डॉक्टरीण बाई आहेत, तोंडाच्या फटकळ पण हाताच्या हळुवार. त्यांनी नाडी धरली, घड्याळात बघितलं, पुन्हा धरली. दोन दिवसांनी रक्ताचा कागद आला. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं ते मी विसरणार नाही.

"अन्न किती वेगानं जाळायचं हे शरीराला सांगणारी एक गाठ प्रत्येकाच्या गळ्यात असते, थायरॉईड. हिची गाठ बेताल झाली आहे. ही झोपली तरी आतली भट्टी धडाडून पेटलेली. ही दहा भाकरी खाते ना? शरीर पंधरा भाकरींचं जाळतंय. मग वरच्या पाच कुठून येतात?"

दिपाली बोटं मोजायला लागली.

"हिच्या मांसातून येतात. आधी चरबी गेली, आता मांस चाललंय. हृदयसुद्धा मांसच आहे, ते एवढ्या वेगानं किती दिवस पळेल? गोळ्या रोज घ्यायच्या. एकही दिवस सोडायची नाही, दीड-दोन वर्षं तरी. आणि जड काम बंद."

दिपालीनं सगळं सोडून एकच विचारलं. "म्हंजे मी खादाड न्हाई ना, बाई?"

डॉक्टरीण बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "नाही गं बाळा. तू उपाशी आहेस."

जीपमध्ये येताना ती रडली. घरी जाऊन मी जानकीबाईंना पाच भाकरींचा हिशेब समजावून दिला. त्यांनी टोपलं स्वयंपाकघरात परत आणून ठेवलं, पण तोंड वाकडं करून. आदिनाथनं गोळ्या आणून दिल्या. जड काम बंद, हे मात्र कुणाच्या कानात शिरलं नाही, कारण ते बंद करून करायचं काय हे कुणालाच माहीत नव्हतं. दसरा झाला, ती गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून सीझनला गेली.

आणि पुढच्या चैत्रात एक नवल घडलं. मी तिचा हात धरला, दोन-चार काढली, ती चढेना. दोन-सहा काढली. हात गार होता, स्थिर होता आणि भरलेला होता. उसाच्या फडातून बाई भरून आलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला इतका आनंद झाला की मी अंगणात ओरडलेच, "अगं, दोन-सहा! दोन-सहा बसली बघ!" माप चढलं तर बोलायला आमच्या रितीत बंदी नाही.

अंगणात कुणी हसलं नाही. शेजारची एक बाई तोंडाला पदर लावून आत गेली. जानकीबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "वरडू नका, छबुबाई. सून सीझनवरून जाड होऊन आली. लोकं म्हनायलेत फडात बसून खाल्लं."

तेव्हा मला आमच्या लोकांचं डोकं कळलं, आणि माझंही. सीझनवरून येणारी बाई वाळलेली असली पाहिजे. वाळली म्हणजे राबली. जेवढी हाडं वर, तेवढी इज्जत. कोण किती टन पाडून आला हे आम्ही बाईच्या गालावर वाचतो. आणि ही गाल भरून आली होती. गोळ्यांनी आतली भट्टी शांत केली, तसा तो अंगात आलेला पळही गेला. ती पुन्हा साध्या माणसासारखी झाली, दमली की बसणारी. राधाकिशनच्या लेखी आदल्या वर्षीचं मशीन बिघडलं होतं.

भाद्रपदात गौरीच्या बांगड्या भरायला मी तिच्या ओसरीवर बसले होते, तेव्हा तो आला. दसऱ्यानंतरची टोळी बांधायला मुकादम त्याच दिवसांत फिरतात. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाईल. आदिनाथनं खाट टाकली. राधाकिशननं दिपालीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, बाजारात जनावर बघावं तसं.

"आदिनाथ, बाई सुटली की रं तुझी," तो म्हणाला. "मागल्या टायमाला लई मागं पडलात तुमी. टोळीला असलं वजन परवडत न्हाई. आवंदा तुला अर्धाच कोयता लिहितो."

अर्धा कोयता म्हणजे एकटा गडी. त्याला ना धड काम मिळतं, ना टोळीत कुणी विचारतं. राधाकिशनची नजर ओसरीच्या टोकाला गेली. तिथं संस्कृती भूगोलाच्या वहीत नकाशा रंगवत बसली होती. बारा वर्षांची, आईच्या वळणाची, पण उंच.

"न्हाईतर ही हाय की. मोळीला आली आता. पोरीला घे, पुरा लिहितो."

दिपालीचा हात माझ्या हातात होता. तो एकदम ताठ झाला. "पोरीचं नाव काढायचं न्हाई, मुकादम," ती म्हणाली. "माझा कोयता पुराच लिवा. मी दावते पळून."

"बघू," म्हणून राधाकिशन चहा पिऊन गेला. जाताना संस्कृतीच्या नकाशाला छान म्हणाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी निघणाऱ्या बायांना बांगड्या भरायला मी पुन्हा गेले. दिपालीनं हात पुढं केला. मी दोन-सहा काढून ठेवली होती. ती घरंगळली. मी वर बघितलं. कपाळावर घाम, डोळे पुन्हा तसेच. हात तापलेला.

"दिपाली, गोळ्या?"

तिनं आधी आतल्या खोलीकडं बघितलं, सासू झोपली होती. मग हळू बोलली. "महिना झाला सोडून. मावशी, गोळी खाल्ली की अंग जड पडतं, मोळी उचलंना. सोडली की पळ येतो. आता बघ, सकाळपासून बसले न्हाई मी."

"तो पळ न्हाई गं. तुझं तूच जाळायलीस. बाई काय म्हणाल्या ध्यानात हाय ना?"

"हाय. पाच भाकरी." ती हसली, लग्नात हसली होती तशीच. "एक सीझन पाच भाकरी माझ्या अंगातून जाऊ दे. चैत्रात आले की पुन्हा गोळ्या चालू करते. पोरगी पुढल्या साली आठवीला जाईल, मग बीडच्या वसतिगृहात नाव घालणार हाय मी तिचं. मास्तरांशी बोलणं झालंय. एकदा ती तिकडं गेली की मुकादमाच्या बापाला घावत न्हाई."

"मी आदिनाथला सांगते."

तिनं माझा हात धरला आणि बांगड्यांच्या माळेवर ठेवला. "हिच्यावर हात ठिवून सांग, सांगणार न्हाई. सांगितलंस तर तो मला नेणार न्हाई आन् पोरीला नेईल. दोन्हीतलं एक तर हुणारच. तू आई हाईस ना?"

मी शपथ घेतली. मला माझीच चीड येते हे लिहिताना, पण लपवून काय करू? मला तिचं म्हणणं पटलं होतं. बारा-तेरा वर्षांच्या पोरींच्या हातात, जोडीचा कोयता पुरा व्हावा म्हणून लावलेल्या लग्नाचा चुडा भरला आहे मी, तोंड मिटून, एक नव्हे पन्नास वेळा. त्यातली एक तरी वाचेल असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर गप्प बसायची मला सवयच होती. माळेतून दोन-चार काढली, भरली, हळदीकुंकू लावलं. ती उठली आणि जवळजवळ धावतच भांडी आवरायला गेली.

पुढचं मला आदिनाथनं सांगितलं. कार्तिकात ती टोळीत सगळ्यांच्या पुढं होती. राधाकिशन दुसऱ्या बायांना तिचा दाखला द्यायचा. मार्गशीर्षात चालताना धाप लागायला लागली, पण मोळ्या कमी झाल्या नाहीत. झोप गेली. जेवायला बसली की हात इतके थरथरायचे की घास ताटात पडायचा, मग ती दूर तोंड करून खायची. पौषात थंडी वाजून सगळे शेकोटीला बसलेले असताना ही बादलीत पाय घालून बसली. त्याला वाटलं, आहेच तिचं अंग गरम. संक्रांत होऊन आठ दिवसांनी ताप चढला. दोन दिवस तिनं तापातच मोळ्या वाहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी फळीवर चढताना डोक्यावरच्या मोळीसकट खाली आली. छाती अशी उडत होती की लुगड्यावरून दिसावी. बरळत होती. ट्रक मोकळा करायला वेळ गेला, मग जीप शोधायला. दवाखान्याच्या वाटेतच ती गेली.

तिला गावी आणलं तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळचे नऊ वाजले होते. सवाष्ण गेलेली, म्हणून हिरव्या बांगड्या भरायला मला बोलावणं आलं. मी पेटी उघडून बसले आणि तिचा हात मांडीवर घेतला. तो आता गार होता. दोन-चार घातली, ती निघून आली. दोन-दोन घातली, तीही. शेवटी मी पेटीच्या तळातून शाळकरी मुलींच्या बांगड्या काढल्या, आठ-नऊ वर्षांच्या पोरींना देतो त्या, आणि त्या बसल्या. बत्तीस वर्षांच्या बाईला. ज्या हातावर दोन-आठ चढवताना मला घाम फुटला होता त्या हाताला. उरलेलं सगळं ती फळीवरून ट्रकमध्ये चढवून आली होती.

आदिनाथ शेजारी उकिडवा बसला होता. म्हणाला, "मावशी, लई पळाली वं. टोळीत पैली होती शेवटपर्यंत." रडत रडत, पण अभिमानानं म्हणाला. मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. मी काहीच केलं नाही. जानकीबाईंनी सुनेच्या तोंडात भाकरीचा तुकडा घातला आणि कितीतरी वेळ तिचं तोंड मिटवत बसल्या.

मला वाटलं होतं की निदान आता तरी. उन्हाळ्यात मी मास्तरांना जाऊन भेटले. वसतिगृहाचा अर्ज आईनं भरायचा राहिला होता, आता वडिलांची सही लागेल म्हणाले. आदिनाथ म्हणायचा, करू. बाईमाणूस गेल्यावर घर चालवायचं की सह्या करायच्या, असं जानकीबाई म्हणायच्या. जून गेला. अर्ज गेला नाही.

यंदाच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावात गेले तेव्हा मारुतीच्या पारापाशी राधाकिशनचा टेम्पो उभा होता. टोळी भरत होती. माझ्याभोवती बायांचा गराडा होता, आणि त्यातून आदिनाथ संस्कृतीला घेऊन आला. तेरा वर्षांची पोर, पाठीवर बोचकं.

"मावशी, हिला चार-चार बांगड्या भरा. हात भरलेला असला की पोर सांभाळून राहील म्हन्ते आजी," तो म्हणाला. माझ्याकडं बघत नव्हता.

पोरगी पुढं बसली. हात देण्याआधी तिनं बोचक्यातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, तिनं सोडल्यावरही आदिनाथ आणत राहिला होता त्या. सगळ्या भरलेल्या. एकही गोळी काढलेली नव्हती.

"ज्वारीच्या कणगीत घावल्या," ती म्हणाली. "मावशी, आईनं कावून खाल्ल्या न्हाईत ह्या? आजी म्हन्ते इसरली. आई कुठं काय इसरायची?"

राधाकिशन टेम्पोपाशी फोनवर बोलत होता. माझा हात माळेवर होता, त्याच माळेवर. मला दिपालीचा चेहरा दिसला आणि शपथही आठवली. पण ती शपथ जिच्यासाठी होती ती बोचकं घेऊन माझ्यापुढं बसली होती. पाळायला काय उरलं होतं त्या शपथेत?

"इसरली न्हाई," मी म्हणाले, आणि आवाज खाली ठेवला नाही. "जाणून सोडल्या तिनं. गोळ्यांनी ती बरी हुत हुती, पण पळ जात हुता. पळ गेला असता तर मुकादमानं तुझ्या बापाला अर्धा लिवलं असतं, न्हाईतर तुला फडात घेतलं असतं. तू फडात जाऊ नयेस म्हणून तिनं सोडल्या. मला म्हाईत हुतं. मी गप बसले."

संस्कृतीनं पुडी बघितली. मग पाठीवरचं बोचकं. मग बापाकडं बघितलं. आदिनाथ होता तिथंच खाली बसला. "मला ठावं न्हवतं," तो म्हणाला. "मला ठावं न्हवतं वं." दोनदाच म्हणाला. राधाकिशननं फोन खिशात घातला आणि हाक दिली, "आदिनाथ, आटप. पुरा कोयता लिवलाय तुझा."

मी वाट बघितली. त्या पाराभोवती चाळीस माणसं होती आणि मी त्यातल्या प्रत्येकाच्या घरात बांगड्या भरल्या आहेत. कुणीतरी म्हणेल की पोरीला उतरवा. कुणी म्हणालं नाही. आदिनाथ उठला, कपड्यांची माती झटकली आणि पोरीचं बोचकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. एवढंच त्याला जमलं.

संस्कृतीनं हात पुढं केला. माझे डोळे भरून आले होते, पण माप घ्यायला मला डोळे लागत नाहीत. मी तिचा हात धरून वर केला, सगळ्यांना दिसेल असा. आणि आमच्या धंद्यात जे कधी कुणी केलं नाही ते केलं.

"दोन-चार!" मी ओरडले. "राधाकिशन मुकादम, ऐका. आदिनाथ, तूही ऐक. पोरीचा हात दोन-चार हाय, ह्या दसऱ्याला. चैत्रात हिथंच बसणार हाय मी, आन् ह्याच पारावर हा हात मापणार हाय. जेवढा उतरलेला आसंल तेवढा नाव घिऊन सांगणार हाय, हिचा बी आन् हितल्या हर एक बाईचा बी."

राधाकिशन म्हणाला, "मावशीच्या डोस्क्यावर परिणाम झालाय." टेम्पो चालू झाला.

मी बांगड्या भरल्या. चढवताना तिचा पंजा दाबावा लागला, हाताला आईसारख्या खळ्या पडल्या. गोळ्यांची पुडी तिनं परत घेतली नाही, माझ्या पेटीत ठेवली, आणि बापामागून टेम्पोत चढून उसाच्या कोयत्यांशेजारी बसली.